लॉगऑन स्क्रिप्ट युजरने मध्येच मारू नये म्हणून काय करायचं: डोमेनवाल्या ऑफिससाठी क्रमाने

वागळे इस्टेट असो, महापे असो नाहीतर बेलापूर, वीस-पंचवीस पीसींचं ऑफिस सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हा फोन ओळखीचा असेल: "सर, टी ड्राइव्ह दिसत नाहीये, टॅली उघडत नाही." जाऊन बघितलं तर पीसी ठीक, केबल ठीक, सर्व्हर ठीक. सकाळी लॉगिन करताना लॉगऑन स्क्रिप्टची (लॉगिन होताच ड्राइव्ह, प्रिंटर वगैरे जोडून देणारी कमांडची फाइल) काळी विंडो आली, ती बराच वेळ हलेना, म्हणून अकाउंट्सच्या मॅडमनी फुली मारली किंवा कंट्रोल-सी दाबून वाय दाबलं आणि कामाला लागल्या. त्यांचं काही चुकलेलं नाही, समोर अडकलेली विंडो दिसली तर माणूस ती बंदच करणार.

यावर बहुतेक जण एकच उपाय करतात, विंडो लपवतात. मग दोन दिवसांनी नवीन तक्रार येते की लॉगिनला दहा मिनिटं लागतात, मग घाबरून सगळं परत फिरवतात. कारण क्रम उलटा केलेला असतो. लपवणं ही पाचवी पायरी आहे, पहिली नाही.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसवा. लॉगऑन स्क्रिप्ट युजरच्या स्वतःच्या ओळखीने चालते, म्हणजे ती प्रोसेस त्याच्या मालकीची असते आणि स्वतःच्या मालकीची प्रोसेस तो कधीही मारू शकतो. तुम्ही ते अवघड करू शकता, अशक्य नाही. म्हणून जे काम कुठल्याही परिस्थितीत व्हायलाच पाहिजे ते लॉगऑन स्क्रिप्टमध्ये ठेवायचंच नाही. खालचं सगळं या एका मुद्द्यावर उभं आहे.

हे सगळं विंडोज १० आणि ११ च्या प्रो किंवा एंटरप्राइझ पीसींसाठी आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेनसाठी (सगळे पीसी आणि युजर सर्व्हरवरून एकत्र सांभाळायची विंडोजची व्यवस्था) आहे. होम एडिशन डोमेनला जोडताच येत नाही. सेकंडहँड लॅपटॉप घेतलेल्या ऑफिसमध्ये हे आधी बघा, तिथेच अर्धा दिवस जातो.

## तयारी

स्क्रिप्ट नोटपॅडमध्ये उघडा आणि प्रत्येक ओळीसमोर लिहा की हे काम मशीनचं आहे, युजरचं आहे की कोणाचंच नाही. अँटिव्हायरसची सेटिंग, टाइम सिंक, प्रिंटरचा ड्रायव्हर, एखादं सॉफ्टवेअर अपडेट हे मशीनचं. ड्राइव्ह जोडणं, डीफॉल्ट प्रिंटर, डेस्कटॉपवरचा शॉर्टकट हे युजरचं. आणि जुन्या स्क्रिप्टमध्ये हमखास तिसरा ढीग सापडतो, म्हणजे कधीच बंद झालेल्या सर्व्हरला जोडायचा प्रयत्न, नोकरी सोडून गेलेल्या कोणीतरी घातलेली मोठी कॉपी, काय करते ते कोणालाच माहीत नाही अशी ओळ. तिसरा ढीग काढून टाका, पण मूळ फाइलची एक कॉपी बाजूला ठेवून.

मग स्क्रिप्ट नेमकी कुठून चालतेय ते शोधा. जागा दोन असतात. एक, युजर अकाउंटच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रोफाइल टॅबवर लॉगऑन स्क्रिप्टचा रकाना, तिची फाइल नेटलॉगऑन शेअरमध्ये (सर्व्हरवरचा सामायिक फोल्डर) असते. दुसरी, ग्रुप पॉलिसीत (सर्व्हरवरून पीसींना आणि युजरना सेटिंग लावायची सोय) युजर कॉन्फिगरेशनखाली विंडोज सेटिंग्ज, त्यात स्क्रिप्ट्स. बऱ्याच ऑफिसात दोन्हीकडे काहीतरी असतं आणि दोन्ही चालतात, एकच ड्राइव्ह दोनदा जोडायला जातात, मग एरर येते आणि विंडो तिथेच थांबते.

शेवटचं म्हणजे एक टेस्ट ओयू (डोमेनमधले युजर किंवा पीसी ठेवायचा कप्पा, ज्याला पॉलिसी लावता येते), त्यात एक टेस्ट युजर आणि एक खरा पीसी. व्हर्च्युअल मशीनवर टेस्ट करून समाधान मानू नका, नेटवर्क कार्ड आणि स्विचचे घोळ तिथे दिसतच नाहीत. सगळ्या जीपीओंचा (ग्रुप पॉलिसीतल्या सेटिंगचे संच) बॅकअप ग्रुप पॉलिसी मॅनेजमेंट कन्सोलमधूनच घ्या, राइट क्लिकवर आहे.

तपासा: तुमच्याकडे कंप्युटर्सचा ओयू आणि युजर्सचा ओयू वेगळे आहेत का? नसतील तर आत्ता करा. कंप्युटर कॉन्फिगरेशनची सेटिंग फक्त युजर्स असलेल्या ओयूला लावली तर ती कोणालाच लागत नाही, आणि एररही येत नाही. या विषयात सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच आहे.

## १. लोकल ॲडमिन काढा

युजर पीसीवर लोकल ॲडमिन (त्या पीसीचे पूर्ण अधिकार असलेला) असेल तर पुढचं वाचून उपयोग नाही. तो सिस्टमची प्रोसेस मारेल, शेड्युल्ड टास्क बंद करेल, रजिस्ट्रीतली पॉलिसी पुसेल. लहान ऑफिसमध्ये "टॅली चालत नव्हतं म्हणून ॲडमिन केलं" असं सांगणारे खूप भेटतात. बहुतेक वेळा अडचण फक्त एका फोल्डरच्या परमिशनची असते, त्या फोल्डरवर युजरला मॉडिफाय दिलं की काम होतं.

पीसीवर कमांड प्रॉम्प्टमध्ये नेट लोकलग्रुप ॲडमिनिस्ट्रेटर्स चालवून यादी बघा. मग ग्रुप पॉलिसीतून हा ग्रुप ठरवून द्या म्हणजे कोणी हाताने घातलेला माणूस आपोआप बाहेर जाईल. लोकल ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड सगळ्या पीसींवर एकच ठेवू नका. विंडोज लॅप्स एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून विंडोजमध्येच आलंय, प्रत्येक पीसीला वेगळा पासवर्ड देतं आणि बदलत राहतं, वेगळं काही विकत घ्यायला लागत नाही.

सावधान: स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेलं "एंजिनीअर" नावाचं जुनं खातंही या यादीत शोधा. त्याचा पासवर्ड अर्ध्या ऑफिसला माहीत असतो.

## २. मशीनचं काम मशीनला द्या

तयारीत ज्या ओळींसमोर मशीन लिहिलं त्या सगळ्या लॉगऑन स्क्रिप्टमधून उचला. त्यांना दोन घरं आहेत.

पहिलं घर म्हणजे स्टार्टअप स्क्रिप्ट, कंप्युटर कॉन्फिगरेशनखाली. ही युजर लॉगिन करायच्या आधी, लोकल सिस्टमच्या, म्हणजे खुद्द विंडोजच्या ओळखीने चालते. समोर कोणी बसलेलंच नसतं, मग मारणार कोण. स्क्रिप्ट नेटवर्कवरच्या शेअरमधून काही उचलत असेल तर त्या शेअरवर डोमेन कंप्युटर्स ग्रुपला रीड द्यायला विसरू नका, कारण तिथे जाणारा माणूस नाही, पीसीचं खातं जातं. नुसतं डोमेन युजर्सना रीड देऊन लोक बसतात आणि मग ॲक्सेस डिनाइड का येतं ते शोधत बसतात.

स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये दोन खड्डे आहेत.

एक, फास्ट स्टार्टअप. युजर शट डाउन करून घरी जातो, सकाळी चालू करतो, पण विंडोज खऱ्या अर्थाने बंदच झालेलं नसतं, कर्नल हायबरनेट करून ठेवलेलं असतं, त्यामुळे स्टार्टअप स्क्रिप्ट चालत नाही. रीस्टार्ट केलं की चालते. म्हणूनच तुम्ही टेस्ट करताना सगळं बरोबर आणि ऑफिसमध्ये चालत नाही असं होतं, तुम्ही रीस्टार्ट करून बघता आणि लोक शट डाउन करतात. पॉलिसीमध्ये "रिक्वायर यूज ऑफ फास्ट स्टार्टअप" नावाची सेटिंग दिसते, ती डिसेबल केली की काम झालं असं वाटतं, पण डिसेबल केल्यावर ती फक्त पीसीवरची स्थानिक सेटिंग पाळते, बंद काही करत नाही. खरोखर बंद करायचं तर ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसच्या रजिस्ट्री भागातून एचकेएलएम, सिस्टम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, सेशन मॅनेजर, पॉवर या वाटेवर हायबरबूटएनेबल्ड ही व्हॅल्यू ० करा.

दोन, नेटवर्क उशिरा येणं. एसएसडीवाला पीसी आता पटकन उठतो, आणि स्विचवर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये लूप होऊ न देणारी सोय) नेहमीच्या सेटिंगवर असेल तर पोर्ट साधारण ३० सेकंद डेटा पुढे सोडतच नाही. तोपर्यंत विंडोज डोमेन कंट्रोलरला (डोमेन चालवणारा सर्व्हर) हाक मारून थकलेलं असतं. पीसी लागलेल्या पोर्टवर पोर्टफास्ट किंवा एज पोर्ट चालू करा, आणि कंप्युटर कॉन्फिगरेशनमध्ये सिस्टम, लॉगऑनखाली "ऑलवेज वेट फॉर द नेटवर्क ॲट कंप्युटर स्टार्टअप अँड लॉगऑन" एनेबल करा.

वायफायवरच्या लॅपटॉपना हे एवढं पुरत नाही, तिथे दुसरं घर वापरा. प्रेफरन्सेसमधून शेड्युल्ड टास्क, ट्रिगर लॉगऑनचा, दोन मिनिटांचा डिले, आणि चालवणारा युजर एनटी ऑथॉरिटी सिस्टम. साधा युजर हा टास्क थांबवू शकत नाही, टास्क मॅनेजरमध्ये एंड टास्क दाबलं तरी ॲक्सेस डिनाइड येतं.

सावधान: सिस्टमच्या ओळखीने चालणारी स्क्रिप्ट अशा फोल्डरमध्ये ठेवू नका जिथे युजर लिहू शकतो. सी ड्राइव्हवर सहज बनवलेला फोल्डर किंवा प्रोग्रॅमडेटामधला फोल्डर साध्या युजरला लिहायला खुला असू शकतो. त्याने तुमच्या फाइलच्या जागी स्वतःची ठेवली की पीसी त्याचा. प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवा नाहीतर सरळ सिसव्हॉलमधून (डोमेन कंट्रोलरवरचा पॉलिसीच्या फाइलींचा शेअर) चालवा.

## ३. ड्राइव्ह आणि प्रिंटर स्क्रिप्टमधून बाहेर काढा

इथे एक मोह होतो की स्टार्टअप स्क्रिप्ट कोणी मारू शकत नाही ना, मग नेट यूजच्या ओळी तिथेच टाकू. चालत नाही. सिस्टमने जोडलेला ड्राइव्ह सिस्टमच्या सेशनमध्ये राहतो, युजरला तो स्वतःच्या ड्राइव्हसारखा मिळत नाही.

बरोबर जागा म्हणजे युजर कॉन्फिगरेशन, प्रेफरन्सेस, ड्राइव्ह मॅप्स. इथे स्क्रिप्टच नाही, विंडोही नाही, मारायला काही शिल्लकच राहत नाही. कोणाला कुठला ड्राइव्ह ते आयटम लेव्हल टार्गेटिंगने ठरवा, अकाउंट्स ग्रुपला टी, डिस्पॅचला डी वगैरे. पूर्वी हेच बॅच फाइलमध्ये इफ लावून पन्नास ओळींत केलेलं असायचं.

ॲक्शनमध्ये लोक रिप्लेस निवडतात. अपडेट निवडा. रिप्लेस म्हणजे ड्राइव्ह काढून परत जोडणं, आणि हे पॉलिसी रिफ्रेशच्या वेळी झालं तर उघडलेली फाइल लटकते. टॅलीचा डेटा त्या ड्राइव्हवर असेल तर हा धोका अजिबात घेऊ नका.

प्रिंटरचं थोडं वेगळं आहे. ऑगस्ट २०२१ च्या अपडेटनंतर साध्या युजरला प्रिंटर ड्रायव्हर बसवता येत नाही, ॲडमिनचा पासवर्ड मागतो. म्हणून जुन्या लॉगऑन स्क्रिप्टमधल्या प्रिंटरच्या ओळी नवीन पीसीवर अडकतात आणि विंडो तशीच उभी राहते. ड्रायव्हर आधी मशीनच्या बाजूने बसवून घ्या, जोडणी मग प्रेफरन्सेसमधून.

तपासा: या पायरीनंतर लॉगऑन स्क्रिप्टमध्ये किती ओळी उरल्या? बऱ्याच लहान ऑफिसात उत्तर शून्य येतं. तसं असेल तर प्रोफाइल टॅबवरचं नाव पुसा, स्क्रिप्टच्या पुढच्या पायऱ्या सोडून थेट टेस्टिंग करा आणि मोकळे व्हा. खाली जे आहे ते काहीतरी उरलंय त्यांच्यासाठी.

## ४. उरलेली स्क्रिप्ट लपवण्यालायक करा

लपलेल्या विंडोला कोणी उत्तर देऊ शकत नाही. हे वाक्य लक्षात ठेवून प्रत्येक ओळ वाचा. पॉज, सेट स्लॅश पी, चॉइस, यातलं काही असेल तर काढा. एक्सकॉपी ओव्हरराइट करू का विचारते, तिला स्लॅश वाय द्या. नेट यूज पासवर्ड मागू शकतं. व्हीबीस्क्रिप्टमधला मेसेजबॉक्स ओके दाबायची वाट बघत बसतो. यातलं एक जरी राहिलं तर स्क्रिप्ट अंधारात उत्तराची वाट बघत बसणार आणि युजरला फक्त वेलकमचं चक्र फिरताना दिसणार. जी कमांड काही विचारेल अशी शंका आहे तिच्या शेवटी इनपुट नल मधून द्या, म्हणजे लेस दॅनचं चिन्ह आणि पुढे एनयूएल, मग ती वाट न बघता पुढे जाते.

मग वेग. लोक स्क्रिप्ट मारतात कारण ती हळू असते, दुसरं कारण मला तरी क्वचित दिसलंय. ट्रान्सहार्बरची एक लोकल ऐरोली-घणसोलीला लागली की निम्मं ऑफिस पाच मिनिटांत आत येतं आणि सगळे एकदम लॉगिन करतात, तेव्हा दुपारी टेस्ट करताना दहा सेकंदात संपणारी स्क्रिप्ट सकाळी मिनिटभर चालते. मोठी फाइल रोज कॉपी करू नका, रोबोकॉपी वापरा, ती बदललेलीच फाइल उचलते. बंद असू शकेल अशा सर्व्हरला हात लावायच्या आधी एकदाच पिंग करून बघा आणि उत्तर नाही आलं तर तो भाग सोडून द्या, नाहीतर प्रत्येक ओळ वेगवेगळा टाइमआउट घेत बसते. इन्स्टॉल केलेल्या सॉफ्टवेअरची यादी डब्ल्यूएमआयमधून (विंडोजला स्वतःची माहिती विचारायची सोय) विन३२ प्रॉडक्ट विचारून काढणारी ओळ दिसली तर ती नक्की काढा, ती प्रत्येक पॅकेज तपासत बसते आणि भयंकर हळू आहे.

आणि स्क्रिप्ट अशी लिहा की परत चालवली तरी काही बिघडत नाही. फोल्डर आधीच असेल तर बनवू नको, ओळ आधीच असेल तर परत जोडू नको. पावसाळ्यात लाईट जाते, यूपीएसची बॅटरी संपलेली असते, कोणी पॉवर बटण दाबून धरतं. अर्धी राहिलेली स्क्रिप्ट पुढच्या लॉगिनला स्वतःहून सावरली पाहिजे.

सावधान: नेटलॉगऑन आणि सिसव्हॉल डोमेनमधला कोणीही वाचू शकतो. स्क्रिप्टमध्ये पासवर्ड लिहिलेला असेल तर तो सगळ्या ऑफिसला माहीत आहे असंच समजा आणि बदला. प्रेफरन्सेसमध्ये पासवर्ड साठवायची सोय मायक्रोसॉफ्टने मे २०१४ मध्ये एमएस१४-०२५ या अपडेटने काढली, पण त्याआधी साठवलेले जुने पासवर्ड सिसव्हॉलमधल्या फाइलींत अजून पडलेले असू शकतात, सीपासवर्ड या शब्दाने शोधा.

## ५. आता लपवा आणि डेस्कटॉप अडवून धरा

आधी प्रोफाइल टॅबवरून स्क्रिप्ट ग्रुप पॉलिसीत हलवा. कारण सरळ आहे, प्रोफाइल टॅबवरची स्क्रिप्ट डीफॉल्टने दिसते, ग्रुप पॉलिसीतली डीफॉल्टने लपलेली चालते. नुसतं हलवल्यानेच काळी विंडो जाते. विंडोच नाही म्हटल्यावर फुली नाही आणि कंट्रोल-सी द्यायलाही जागा नाही.

स्क्रिप्ट जोडताना शो फाइल्स बटण दाबून जो फोल्डर उघडतो त्यातच फाइल टाका, मग ॲडमध्ये फक्त नाव द्या. सर्व्हरच्या सी ड्राइव्हचा पाथ दिला तर पीसी स्वतःच्या सी ड्राइव्हवर ती फाइल शोधत बसतो.

काही कारणाने लगेच हलवता येत नसेल तर युजर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टम, स्क्रिप्ट्समध्ये "रन लेगसी लॉगऑन स्क्रिप्ट्स हिडन" आहे, ते तात्पुरतं लावा. बॅच फाइलला व्हीबीएसच्या आवरणात घालून शून्य विंडो स्टाइलने चालवायची जुनी युक्ती आता नव्याने करू नका, व्हीबीस्क्रिप्ट बंद होणार असं मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच जाहीर केलंय. पॉवरशेलला विंडोस्टाइल हिडन दिलं तरी विंडो क्षणभर चमकून जाते, तीच स्क्रिप्ट ग्रुप पॉलिसीच्या पॉवरशेल स्क्रिप्ट्स टॅबमधून द्या.

मग या तीन सेटिंग. तिन्ही कंप्युटर कॉन्फिगरेशनमध्ये करा, कंप्युटर्सच्या ओयूला.

"रन लॉगऑन स्क्रिप्ट्स सिंक्रोनसली" एनेबल. स्क्रिप्ट संपेपर्यंत एक्सप्लोरर सुरूच होत नाही, म्हणजे डेस्कटॉप नाही, टास्कबार नाही. हीच सेटिंग युजर कॉन्फिगरेशनमध्येही आहे, पण दोन्हीकडे असेल तर कंप्युटरची जिंकते.

"कॉन्फिगर लॉगऑन स्क्रिप्ट डिले", सिस्टममध्ये ग्रुप पॉलिसीखाली. विंडोज ८.१ पासून डीफॉल्ट असं आहे की लॉगऑन स्क्रिप्ट पाच मिनिटं उशिरा चालते. लोकांना वाटतं स्क्रिप्ट चालतच नाही, मग ते परत प्रोफाइल टॅबवर जातात. डिसेबल करा किंवा ० मिनिटं द्या.

"स्पेसिफाय मॅक्सिमम वेट टाइम फॉर ग्रुप पॉलिसी स्क्रिप्ट्स". डीफॉल्ट ६०० सेकंद, म्हणजे दहा मिनिटं. सुरुवातीला ऐकलेली दहा मिनिटांची तक्रार इथूनच येते, स्क्रिप्ट कुठेतरी अडकलेली असते आणि विंडोज इमानदारीत वाट बघत बसतं. तुमची स्क्रिप्ट सकाळच्या गर्दीत जेवढा वेळ घेते त्याच्या दुपटीवर ठेवा, लहान ऑफिसला १२० सेकंद खूप झाले. शून्य कधीच देऊ नका, शून्य म्हणजे कायम वाट बघणं.

तपासा: टेस्ट पीसीवर लॉगिन करा. विंडो दिसायला नको, डेस्कटॉप थोडा थांबून यायला हवा, आणि आला तेव्हा सगळं जागेवर हवं. पॉलिसी लागलीच नाही असं दिसलं तर जीपीरिझल्ट स्लॅश एच देऊन रिपोर्ट काढा, कुठली जीपीओ लागली आणि कुठली का नाकारली ते त्यात लिहिलेलं असतं. सिक्युरिटी फिल्टरिंगमधून ऑथेंटिकेटेड युजर्स काढून तिथे फक्त युजरचा ग्रुप टाकला असेल तर कारण बहुधा तेच आहे, जून २०१६ च्या एमएस१६-०७२ अपडेटपासून युजरची पॉलिसीसुद्धा पीसीच्या खात्याने वाचली जाते. डेलिगेशन टॅबवर डोमेन कंप्युटर्सना रीड द्या.

## ६. टास्क मॅनेजर आणि कमांड प्रॉम्प्ट

डेस्कटॉप नसला तरी कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून टास्क मॅनेजर येतो आणि तिथून स्क्रिप्ट मारता येते. युजर कॉन्फिगरेशन, सिस्टम, कंट्रोल-ऑल्ट-डेल ऑप्शन्समध्ये "रिमूव्ह टास्क मॅनेजर" आहे. पण हे सरसकट सगळ्यांना लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे. एक्सेल हँग झाल्यावर ते बंद करायला माणसाकडे दुसरं काय आहे? मग तो पीसीच बंद करतो. कॉम्प्युटर लॅब, रिसेप्शन, वेअरहाउसमधला सामायिक पीसी अशा ठिकाणी लावा, आणि तिथे ही सेटिंग माणसाला न चिकटता पीसीला चिकटावी म्हणून लूपबॅक प्रोसेसिंग मर्ज मोडमध्ये वापरा, म्हणजे तोच माणूस स्वतःच्या टेबलावर गेला की टास्क मॅनेजर परत मिळतो.

कमांड प्रॉम्प्टच्या बाबतीत मोठी चूक होते. "प्रिव्हेंट ॲक्सेस टू द कमांड प्रॉम्प्ट" एनेबल करताना खाली एक प्रश्न असतो, स्क्रिप्ट प्रोसेसिंगही बंद करू का. तिथे येस केलं तर बॅच फाइल्सही बंद, म्हणजे तुमची स्वतःची लॉगऑन स्क्रिप्टच चालणार नाही. नो ठेवा.

प्रोसेस एक्सप्लोरर (प्रोसेस बघायचं आणि मारायचं टूल) वगैरे पेनड्राइव्हवरून चालवणारे हुशार लोक असतील तर ॲपलॉकर (ठरवलेलेच प्रोग्रॅम चालू देणारी सोय) लावा. साध्या ऑफिसमध्ये सहसा तिथपर्यंत जायची गरज पडत नाही.

## ७. फाइलच्या परमिशन

जो स्क्रिप्ट बदलू शकतो त्याला ती मारायची गरजच नाही. नेटलॉगऑन आणि सिसव्हॉलमधल्या तुमच्या फोल्डरवर राइट क्लिक करून सिक्युरिटी बघा. ऑथेंटिकेटेड युजर्सना रीड अँड एक्झिक्यूट, एवढंच. एव्हरीवन फुल कंट्रोल दिसलं तर "तेव्हा चालत नव्हतं म्हणून दिलं होतं" असं उत्तर मिळतं, काढून टाका. अशा फाइलमध्ये एकाने एक ओळ घातली की ती उद्या सकाळी प्रत्येकाच्या नावाने चालते, मालकांच्याही.

स्क्रिप्ट दुसऱ्या शेअरवरची एखादी एक्झी किंवा बॅच बोलावत असेल तर त्या फाइलवरही हेच लागू. हे हमखास राहून जातं.

## ८. पूर्ण झाली की नाही याची खूण ठेवा

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज, ग्रुपपॉलिसी, ऑपरेशनल या लॉगमध्ये ४०१८ म्हणजे स्क्रिप्ट सुरू झाली आणि ५०१८ म्हणजे संपली, किती सेकंद लागले तेही त्यात असतं. वेग बघायला हे उत्तम. पण स्क्रिप्ट शेवटच्या ओळीपर्यंत पोचून संपली की मध्येच मारली गेली ते यातून कळत नाही.

म्हणून पहिल्या ओळीत सुरू आणि शेवटच्या ओळीत पूर्ण असं तारीख, वेळ, युजर आणि पीसीच्या नावासकट एका शेअरवरच्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा. प्रत्येक पीसीची फाइल वेगळी ठेवा, नावातच कंप्युटरनेम घाला. सगळ्यांना एकाच फाइलमध्ये लिहायला लावलं तर सकाळी दहाच्या गर्दीत फाइल दुसऱ्याने उघडलेली असते आणि ओळ पडतच नाही, मग तुम्ही न मारलेली स्क्रिप्ट मारली म्हणून कोणालातरी बोलाल.

सुरू आहे आणि पूर्ण नाही असे पीसी बघा. एकाच पीसीवर वारंवार होत असेल तर आधी तो पीसी, केबल, स्विचचा पोर्ट तपासा. वेगवेगळ्या पीसींवर एकाच माणसाच्या नावाने होत असेल तर त्याच्याशी जाऊन बोला, त्याला नक्की कुठे वेळ जातो ते तो बरोबर सांगतो.

## केबल काढून लॉगिन करणारे

हा प्रकार जाणकार युजर करतात. लॅनची केबल काढतात, जुन्या साठवलेल्या पासवर्डवर लॉगिन करतात, डेस्कटॉप आला की केबल लावतात. डोमेन कंट्रोलरच दिसला नाही म्हटल्यावर लॉगऑन स्क्रिप्ट नाही. विंडोज डीफॉल्टने शेवटच्या १० जणांचं लॉगिन साठवतं, आणि सिक्युरिटी ऑप्शन्समधून ते ० केलं तर ही वाट बंद होते. पण ऑफिसमध्ये एकच डोमेन कंट्रोलर असेल तर ० करू नका, सर्व्हर बंद पडला त्या दिवशी कोणीही पीसीत शिरू शकणार नाही. लॅपटॉपवर तर नकोच, माणूस घरून लॉगिन करतो. दुसरी पायरी नीट केली असेल तर केबल काढून तो फक्त युजरच्या बाजूची थोडी कामं चुकवतो, मशीनचं काम सिस्टमचा टास्क करून घेतो.

## लागू करायचा क्रम

टेस्ट ओयूत दोन-तीन दिवस चालवा, त्यात एक सोमवार सकाळ हवी. मग एकच डिपार्टमेंट, आणि ते अकाउंट्स नसावं, निदान महिन्याच्या शेवटी आणि जीएसटी रिटर्नच्या तारखांना तरी नाही. स्टार्टअप आणि प्रेफरन्सेसच्या जीपीओ आधी लावा, त्या चालताना दिसल्या की मगच जुनी स्क्रिप्ट प्रोफाइल टॅबवरून काढा. दोन्ही एकदम केलं तर मधल्या दिवशी ड्राइव्ह नसलेले लोक फोन करतील. सिंक्रोनसची सेटिंग सगळ्यात शेवटी, कारण अडकलेली स्क्रिप्ट सगळ्यांना एकदम जाणवते ती त्यामुळेच.

लोकांना आधी सांगा की उद्यापासून डेस्कटॉप यायला थोडा वेळ लागेल, पॉवर बटण दाबू नका. आणि डेस्कटॉपवर "ड्राइव्ह परत जोडा" नावाचा शॉर्टकट देऊन ठेवा, मागे फक्त जीपीअपडेट चालवणारी कमांड. काही राहिलं तर माणूस तुम्हाला फोन करायच्या आधी तो दाबेल.